पाच वॅट आणि अठ्ठेचाळीस तास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि बंगळूरमधील जुन्या मराठी घराण्यांच्या इतिहासावर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्या विद्वानांच्या पंक्तीत बिनतारी यंत्राच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्या माणसाचे पान मांडण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने केले, याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानतो. निमंत्रण देताना चिटणीसांनी एक प्रेमळ अट घातली होती. ‘छंदाविषयी सांगा, पण आम्हाला झोप येईल इतके शास्त्र नको.’ ही अट मी होईल तितकी पाळणार आहे. मात्र थोडेसे शास्त्र सांगितल्यावाचून या छंदातील गंमत हाती लागत नाही, तेवढी मोकळीक आपण मला द्यावी.

हौशी बिनतारी संदेशवहन, ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्याचे परवानाधारक आज जगात लक्षावधी आहेत. सरकारची परीक्षा द्यावयाची, परवाना मिळवावयाचा, घरी प्रेषक आणि ग्राहक यंत्र मांडावयाचे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाशी आकाशमार्गे बोलावयाचे, असा हा उद्योग आहे. यात पैसा मिळवावयाचा नाही. तशी कायद्यानेच बंदी आहे. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. आपल्या भारतीयांच्या संकेतनामाचा आरंभ बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. ती दोन अक्षरे कानी पडली की जपानमधला किंवा जर्मनीतला माणूस ओळखतो की हिंदुस्थानातून कोणी तरी साद घालीत आहे.

या मंडळींच्या वर्षभर निरनिराळ्या स्पर्धा चालतात. त्यांतील एका मोठ्या स्पर्धेविषयी, आणि त्या स्पर्धेत सर्वांत कमी शक्ती घेऊन उतरणाऱ्या माणसाविषयी, मला आज बोलावयाचे आहे. ‘सीक्यू’ नावाच्या अमेरिकी मासिकाने १९४८ साली सुरू केलेली ही जागतिक दूरसंपर्क स्पर्धा आहे. तिचा बोलण्याचा विभाग ऑक्टोबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी होतो आणि मोर्स लिपीचा विभाग नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी. जागतिक प्रमाणवेळेनुसार शनिवार उजाडताच ती सुरू होते. म्हणजे आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत. या अठ्ठेचाळीस तासांत जगातील जास्तीत जास्त देशांशी आणि जास्तीत जास्त स्थानकांशी संपर्क साधावयाचा, एवढाच या स्पर्धेचा मथितार्थ.

स्पर्धकांचे शक्तीनुसार वर्ग पाडलेले असतात. जेथे देशाचा कायदा परवानगी देतो तेथे वरच्या वर्गातील स्थानके १,५०० वॅटपर्यंत शक्ती वापरतात. त्याखालचा वर्ग १०० वॅटचा. आणि सर्वांत तळाचा वर्ग ५ वॅटचा. या तळाच्या वर्गाला ‘क्यूआरपी’ म्हणतात. जहाजांवरील जुन्या बिनतारी संकेतभाषेत या तीन अक्षरांचा अर्थ ‘शक्ती कमी करा’ असा होता. तिथली आज्ञा हौशी मंडळींनी आपले व्रत म्हणून उचलली.

पाच वॅट म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणावयाचे असेल तर आपल्या घरातला पूर्वीचा झिरोचा दिवा आठवा. त्याचे नाव शून्याचे असले तरी तो दहा-पंधरा वॅट वीज खात असे. त्याहूनही कमी शक्तीने बंगळूरच्या गच्चीवरून निघालेला संदेश तेरा हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या न्यू यॉर्कपर्यंत पोहोचू शकतो. दर वॅटमागे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक असा हा हिशोब आहे. अमेरिकेतील कमी शक्तीच्या उपासकांची एक संस्था दर वॅटमागे एक हजार मैल गाठणाऱ्याला प्रमाणपत्र देते. म्हणजे न्यू यॉर्कशी असा एक संपर्क झाला की ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

हे कसे घडते, हे सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कारण आज आम्ही वापरतो त्या लहरी एके काळी टाकाऊ ठरविल्या गेल्या होत्या. टायटॅनिक बुडाल्यावर १९१२ साली अमेरिकेत बिनतारीविषयी कायदा झाला. लांब लहरी या दूरच्या संदेशवहनाला उपयोगी, अशी तेव्हाच्या तज्ज्ञांची समजूत होती. म्हणून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींच्या कोपऱ्यात ढकलण्यात आले. या कोपऱ्यात बसून ते आपोआप थंड होतील, असाच हिशोब असावा. पण झाले उलटे. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकी गृहस्थ स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे ग्राहक यंत्र घेऊन बसले आणि त्यांनी अटलांटिक ओलांडून आलेले हौशी स्थानकांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथून लेऑन दलॉय आणि अमेरिकेतील कनेटिकट राज्यातून फ्रेड श्नेल यांचे ११० मीटरच्या आसपास दुतर्फा संभाषण झाले.

त्यापुढील पायरी ऑक्टोबर १९२४ मध्ये चढली गेली. न्यूझीलंडमधील एका मेंढपाळी शेतावरून फ्रँक बेल यांनी लंडनच्या मिल हिल शाळेतील स्थानकाशी संपर्क साधला. पृथ्वीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलेला तो संदेश होता. शाळेतील त्या स्थानकावर बसलेल्या तरुणाचे नाव सेसिल गॉयडर. हे नाव मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे १९३६ साली हेच गॉयडर आपल्या देशात ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून आले. आपल्या वडीलधाऱ्यांनी आकाशवाणीच्या आखूड लहरींवर जी गाणी आणि बातम्या ऐकल्या, त्या यंत्रणेची उभारणी करणारा माणूस याच हौशी छंदातून तयार झालेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाच वॅट पुरतात कसे? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या डोक्यावर आहे. पृथ्वीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील व क्ष किरणांनी हवेतील कण विद्युत्‌भारित होतात. या प्रदेशाला आयनांबर म्हणतात. योग्य कंप्रतेची लहर तेथपर्यंत गेली की ती वळून पुन्हा जमिनीकडे येते, जमिनीवरून किंवा समुद्रावरून परत उसळते आणि अशा उड्या मारीत पृथ्वीची वक्रता ओलांडते. तलावाच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो, तसेच काहीसे हे आहे. आरसा निसर्गाने फुकट टांगून ठेवला आहे. तो जेव्हा स्वच्छ असतो तेव्हा पाच वॅटही पुरतात आणि तो जेव्हा काळवंडतो तेव्हा दीड हजार वॅटही हात टेकतात.

दुसरे कारण गणिताचे आहे. १,५०० वॅट म्हणजे पाच वॅटच्या तीनशे पट. ऐकणाऱ्याच्या यंत्रावर संदेशाचा जोर दाखविणाऱ्या पायऱ्या असतात. रूढ मापाप्रमाणे शक्ती चौपट केली म्हणजे जोर एक पायरी चढतो. तीनशे पटींच्या अशा पायऱ्या जेमतेम चार होतात. म्हणजे बलाढ्य स्थानक जर नवव्या पायरीवर ऐकू येत असेल, तर त्याच जागेवरून, त्याच एरियलवरून निघालेले पाच वॅट पाचव्या पायरीवर ऐकू येतील. पाचवी पायरी म्हणजे शांत खोलीत कोणी हलक्या आवाजात बोलावे तशी. तिथे गोंगाट नसला आणि ऐकणाऱ्याने कान दिला, तर शब्द न् शब्द कळतो. या वाक्यातील ‘कान दिला तर’ हे शब्द कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याकडे परत यावे लागेल.

तिसरे कारण मोर्स लिपी. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा पुष्कळांना वाटले की तारेची लिपीही आता इतिहासजमा झाली. हौशी बिनतारीत ती आजही जिवंत आहे, आणि तिथे तिला टिकवून धरणारी गोष्ट उपयुक्तता आहे. माणसाच्या बोलण्याला जेवढी कंप्रतेची रुंदी लागते, तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जागेत मोर्सचा संदेश मावतो. सारी शक्ती त्या चिंचोळ्या पट्टीत एकवटलेली असते, आणि ऐकणाराही आपल्या यंत्राची खिडकी तेवढीच किलकिली ठेवतो. त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही. म्हणून कमी शक्तीचा स्पर्धक नोव्हेंबरचा मोर्स विभाग पसंत करतो.

आरशाची गोष्ट निघाली म्हणून सूर्याविषयीही सांगितले पाहिजे. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात व ओसरतात. डाग अधिक असले की आयनांबर दाट होते आणि १० व १५ मीटरच्या आखूड लहरी जगभर फिरतात. या आखूड लहरींना दिवसा खालच्या थरात होणारे शोषणही कमी असते, त्यामुळे पाच वॅटवाल्याला हे दोन पट्टे म्हणजे पर्वणीच. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या पंचविसाव्या चक्राने २०२४ च्या सुमारास कळस गाठला. या डागांच्या अभ्यासाशी आपल्या शहराचा जवळचा संबंध आहे. येथील भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. आम्ही स्पर्धक ज्या डागांकडे आशेने पाहतो, त्यांची शंभर वर्षांहून अधिक काळाची वही तेथे आहे.

असा हा शास्त्राचा भाग झाला. आता बंगळूरच्या गच्चीवरून या स्पर्धेचा एक दिवस कसा जातो, ते सांगतो.

पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू होते तेव्हा इथे अंधार असतो. त्या वेळी ४० मीटरवर युरोप ऐकू येतो, कारण तिथे मध्यरात्र असते. सूर्योदयाच्या आधीची अर्धी घटका मोठी मोलाची. खालचे शोषक थर अजून जागे झालेले नसतात आणि वरचा आरसा मात्र टिकून असतो. या संधिप्रकाशात दुबळा संदेशही लांबचा पल्ला मारतो. दिवस वर आला की १५ आणि १० मीटर उघडतात, आणि पूर्वेकडून जपान, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक बेटे येऊ लागतात. जपानी स्पर्धक संख्येने पुष्कळ आणि शिस्तीने वागणारे. त्यांच्यापाशी सकाळ कशी सरते ते कळत नाही. दुपारी मध्य आशिया आणि रशिया, आणि मग उन्हे कलू लागताच युरोप असा काही धो-धो कोसळतो की पट्ट्यावर तीळ ठेवायला जागा उरत नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ होते, आणि युरोपच्या त्या गर्दीतून तिकडचे आवाज डोकावू लागतात. ही खिडकी दोन-तीन तासांची. रात्री पुन्हा ४० मीटर. १६० आणि ८० मीटरवर पाच वॅटने फारसे काही हाती लागत नाही. त्या वेळी शहाण्या माणसाने चार तास झोप काढावी.

एरियल म्हणाल तर श्रीमंत स्पर्धकांपाशी उंच मनोरे आणि त्यांवर यागी एरियल असतात. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात जगापुढे मांडलेली ही रचना आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. दूरदर्शनच्या पहिल्या दिवसांत घराघराच्या छपरावर जे माशाच्या काट्यासारखे एरियल दिसे, तेच हे. आमच्यासारख्याला इमारतीच्या गच्चीवर गृहनिर्माण संस्थेच्या कृपेने एक तार ताणावयास मिळाली तरी पुष्कळ. २० मीटरच्या पट्ट्यासाठी ही तार सुमारे दहा मीटर लांब लागते आणि १० मीटरच्या पट्ट्यासाठी पाच मीटर. तिची दिशा मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. ती ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे ताणली की तिचा जोर वायव्य आणि आग्नेय या दोन दिशांना जातो. बंगळूरहून वायव्येला युरोप आहे आणि आग्नेयेला ऑस्ट्रेलिया. एका तारेत दोन खंड साधतात.

एरियलइतकीच दुसरी चिंता असते गोंगाटाची. शहरातील विजेचे स्वस्त दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर या सर्वांतून बिनतारी यंत्राला ऐकू येईल असा खरखराट निघत असतो. स्पर्धेच्या दिवशी घरातील निम्मी उपकरणे बंद ठेवावी लागतात, आणि घरच्या मंडळींची ही कृपा कोणत्याही गुणतालिकेत नोंदविली जात नाही. आमच्या जगात एक विनोद आहे. ज्याचा प्रेषक प्रचंड पण ग्राहक यंत्र भिकार, अशा स्थानकाला ‘मगर’ म्हणतात. तोंड मोठे आणि कान लहान. पाच वॅटवाल्याची घडण याच्या उलट हवी.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. बलाढ्य स्थानक एका जागी ठाण मांडून ‘या, कोणी आहे का’ अशी हाळी देत राहते आणि जगभरचे लोक त्याच्याकडे येतात. पाच वॅटवाल्याने तसे बसून चालत नाही. त्याची हाळी बहुतेकांच्या कानांवरून निसटून जाते. त्याने पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरावयाचे, प्रत्येक हाळी ऐकावयाची, आणि योग्य क्षणी आपले संकेतनाम एकदाच, स्वच्छ, देऊन गप्प बसावयाचे. समोरचा माझे नाव उच्चारून ‘पाच नऊ नऊ’ हा जोराचा शेरा आणि आपल्या विभागाचा आकडा देतो. मीही तोच शेरा आणि भारताचा विभाग बावीस असे सांगतो. तो आभार मानतो आणि पुढच्याकडे वळतो. सारे दहा-पंधरा सेकंदांत आटोपते. ‘पाच नऊ नऊ’ हा शेरा सर्वोत्तम श्रवणाचा आहे, पण स्पर्धेत तो रिवाज म्हणून सर्वांनाच दिला जातो. माझे नाव तीनदा विचारून, चौथ्यांदा अर्धे ऐकून, पाचव्यांदा कसेबसे जुळवून घेणारा गृहस्थही शेवटी मला ‘उत्तम ऐकू येत आहे’ असेच सांगतो. सौजन्याची ही परिसीमा मराठी लग्नातील जेवणाच्या स्तुतीशीच तुलना करण्याजोगी आहे.

एखाद्या दुर्मीळ देशाच्या स्थानकावर झुंबड उडालेली असते तेव्हा मात्र खरी कसोटी लागते. दोनशे जण एकाच वेळी ओरडत असताना आपणही ओरडून उपयोग नाही. तेथे प्रथम नुसते ऐकावयाचे. तो माणूस एक संपर्क संपवून पुढचा घेताना किती थांबतो? त्याने नुकतेच ज्याला उत्तर दिले तो नेमक्या कोणत्या सुरावर होता, किंचित वर की किंचित खाली? त्याला भरभर बोलणारे आवडतात की सावकाश? एवढे कळले की सर्वांचा गदारोळ ओसरता ओसरता, इतरांच्या सुरापासून थोडे बाजूला राहून, आपले नाव टाकावयाचे. गायनाच्या बैठकीत साथीदार सम कोठे येते ते ओळखून ठेका धरतो, तसे हे काम आहे. ज्याच्यापाशी शक्ती आहे त्याला या गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. ज्याच्यापाशी नाही, त्याला त्या शिकल्यावाचून गत्यंतर नसते.

आणखी एक युक्ती पंचांगाची आहे. शनिवारी बलाढ्य स्थानके आपापसांत मग्न असतात. दुबळ्या आवाजासाठी थांबायला त्यांना फुरसत नसते. रविवारी दुपारनंतर चित्र पालटते. ज्यांना भेटावयाचे ते भेटून झालेले असतात. मग तीच मातबर स्थानके रिकाम्या आकाशात हाळ्या देऊ लागतात, आणि एखादा क्षीण ‘व्हीयू’ कानी आला की सारे कसब पणाला लावून तो उकलून घेतात. पाच वॅटवाल्याची स्पर्धा खऱ्या अर्थाने रविवारी सुरू होते. शनिवारी रात्री निराश होऊन यंत्र बंद करणाऱ्याला तिची चव कधीच कळत नाही.

गुणांचा हिशोबही धोरणाने पाहावा लागतो. दुसऱ्या खंडाशी झालेल्या संपर्काला तीन गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला एक, आणि स्वदेशाला शून्य. या गुणांच्या बेरजेला, प्रत्येक पट्ट्यावर मिळालेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणावयाचे. समजा, माझे युरोपशी शंभर आणि जपानशी चाळीस संपर्क झाले. म्हणजे गुण ३४०. देश आणि विभाग मिळून बेचाळीस झाले. गुणाकार १४,२८०. आता हाती एकाच संपर्काचा वेळ आहे. आणखी एक जर्मन स्थानक घेतले तर गुण १२६ ने वाढतील. त्याऐवजी अद्याप न मिळालेला, पण आधी मिळालेल्याच विभागात मोडणारा एखादा आफ्रिकी देश घेतला, तर ४६९ ने. एकाच जातीच्या शंभर भेटींपेक्षा नवी ओळख मोलाची, हे या स्पर्धेचे व्याकरण आहे. पुण्या-मुंबईच्या स्थानकाशी बोलले तर शून्य गुण. पण पट्ट्यावर पहिल्यांदा भेटलेला भारतीय एक देश म्हणून गणला जातो, म्हणून त्याचेही स्वागत होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येतो. या स्पर्धेत पंच नसतो. कोणी अधिकारी माझ्या खोलीत येऊन प्रेषकाची शक्ती मोजीत नाही. स्पर्धा संपल्यावर सर्वांच्या नोंदवह्या संयोजकांकडे जातात आणि संगणकावर एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. नाव चुकीचे लिहिले असेल तर संपर्क तर बाद होतोच, वर दंडही बसतो. पण शक्तीचे काय? माझ्या यंत्राची कळ किंचित फिरवून पाचाचे दहा वॅट केले, तर पलीकडे पोहोचणाऱ्या जोरात जेमतेम अर्ध्या पायरीचा फरक पडतो. तेवढा फरक आयनांबराच्या चढउतारात कोणालाही ओळखता येणार नाही. झुंबडीत पाचव्यांदा हाक मारूनही उत्तर येत नाही, मध्यरात्र उलटलेली आहे, बोट त्या कळेवर आहे आणि घरात सर्व जण झोपलेले आहेत. त्या क्षणी ती कळ न फिरविणे, हाच या वर्गाचा खरा नियम. तो मोडला तर पदक मिळेलही कदाचित, पण मग पाच वॅटने काय साधले याचे उत्तर त्या माणसाला स्वतःलाही मिळणार नाही. ज्या एका प्रश्नासाठी अठ्ठेचाळीस तास खर्ची घातले, तोच हातचा गेला.

‘जिंकणार नाही हे ठाऊक असताना असल्या वर्गात का उतरता?’ असे मला पुष्कळ जण विचारतात. एकूण गुणांत पाच वॅटचे स्थानक दीड हजार वॅटच्या जवळपासही जाऊ शकत नाही, हे खरे आहे. पण या छंदाची दुसरी बाजू आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, दूरध्वनी कोलमडले, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतील हौशी बिनतारी कार्यकर्ते संदेशवहनासाठी धावले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून हौशी संपर्क कित्येक वर्षांत झालेले नव्हते, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्यासाठी रांग लावून होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. छंदासाठी उभारलेले ते स्थानक त्या दिवसापासून बेटांवरील माणसांचे क्षेमकुशल मुख्य भूमीला कळविण्याच्या कामी लागले.

अशा प्रसंगी वीज नसते. जनित्राला तेल मिळेलच असे नाही. स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा पाच वॅटचा प्रेषक आणि दहा मीटरची तार मात्र पिशवीत मावते. पण नुसते यंत्र असून भागत नाही; त्या यंत्राने गोंगाटातून क्षीण संदेश उचलणारा, न चुकता लिहून घेणारा आणि मोजके बोलणारा माणूस लागतो. असा माणूस आयत्या वेळी तयार होत नाही. दर वर्षी नोव्हेंबरात अठ्ठेचाळीस तास बसून तो घडतो. स्पर्धा ही त्याची तालीम आहे.

तरुणांनी याकडे वळावे असे वाटते, आणि आज ते पूर्वीइतके खर्चाचे राहिलेले नाही. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ साली ‘बिटेक्स’ नावाच्या लहान यंत्राची रचना सर्वांसाठी खुली केली. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जुळविता येणारे हे यंत्र जगभरच्या हौशी लोकांनी बांधले आहे. स्वतःच्या हाताने जोडलेल्या यंत्रातून परका देश पहिल्यांदा उत्तर देतो, तेव्हाचा आनंद विकतच्या यंत्राला नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांची मुले-मुली या शहरातील उत्तमोत्तम तंत्रशिक्षण संस्थांत शिकत आहेत. त्यांतील दोघा-तिघांनी जरी परीक्षा देऊन परवाना मिळविला, तरी माझ्या आजच्या बोलण्याचे चीज झाले असे मी मानीन.

मघाशी मी आपल्याला तीन शब्द लक्षात ठेवण्याची विनंती केली होती: ‘कान दिला तर’. पाच वॅटच्या प्रत्येक संपर्कात अर्धे श्रेय पलीकडच्या अनोळखी माणसाचे असते. फिनलंडमधल्या कोण्या गृहस्थाने हाती असलेली सोपी भेट क्षणभर बाजूला ठेवून खरखराटात दबलेले ‘व्हीयू’ पुन्हा विचारले, म्हणून माझ्या वहीत एक ओळ वाढली. माझ्या हाती होते ते एवढेच, की आवाज स्वच्छ ठेवावा, वेळ साधावी आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे. पन्नास वर्षांपूर्वी या कन्नड नगरीत काही मराठी कुटुंबांनी हे मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांचाही आवाज लहानच होता. तो टिकला यात त्यांच्या चिकाटीचा वाटा आहे, आणि ज्यांनी आपुलकीने कान दिला त्या येथील शेजाऱ्यांचाही आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांचे ऋण मान्य करणे उचित होईल असे मला वाटते.

चिटणीसांची अट मी कितपत पाळली, ते आपणांपैकी किती जण जागे आहेत यावरून ठरेलच. आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. आणि ऐकणाऱ्याची किंमत मला थोडीफार ठाऊक आहे.